ओंडक्यांच्या घरांची निगा : उत्तर युरोपातील एका जुन्या जबाबदारीचा इतिहास

नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि वायव्य रशिया हा पाइन आणि स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षांच्या अरण्यांचा सलग पट्टा असून, या पट्ट्यात किमान एक हजार वर्षे घरबांधणीची एक पद्धत प्रमुख राहिली. झाडाचे सरळ खोड साल काढून आडवे ठेवायचे, त्याच्या दोन्ही टोकांना खाचा पाडून काटकोनात येणाऱ्या दुसऱ्या भिंतीच्या ओंडक्याशी ते अडकवायचे, आणि असे थर एकावर एक रचत भिंत छपरापर्यंत न्यायची, असे तिचे थोडक्यात वर्णन करता येते. या रचनेत खांब नसतो, तुळईवर भार पेलणारा सांगाडा नसतो. ओंडक्यांचे वजन आणि कोपऱ्यांतील खाचांची पकड यांच्यावरच सारे घर उभे असते. नॉर्वेतील प्रसिद्ध मध्ययुगीन खांबी चर्चमध्ये लाकूड उभे वापरलेले असल्यामुळे ती या प्रकारात मोडत नाहीत. मात्र निगराणीच्या इतिहासात दोन्ही प्रकारांचे धागे अनेक ठिकाणी एकत्र येतात.

वास्तुकलेच्या इतिहासग्रंथांत या घरांच्या बांधणीविषयी भरपूर लिहिलेले आढळते. कोपऱ्यातील सांध्यांचे प्रकार, कुऱ्हाडीने तासलेल्या पृष्ठभागाचे बारकावे आणि प्रांताप्रांतांतील शैलीभेद यांची तपशीलवार नोंद झालेली आहे, परंतु बांधल्यानंतर त्या घराचे पुढे काय केले जात असे याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. वस्तुतः लाकडी घराचे आयुष्य बांधणाऱ्या सुताराच्या कौशल्यावर जितके अवलंबून असते तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्यानंतर त्यात राहणाऱ्या पिढ्यांच्या सवयींवर अवलंबून असते. नॉर्वेतील टेलेमार्क प्रांतात आइड्सबोर्ग येथे जतन केलेल्या विन्डलाउस या कोठारवजा दुमजली इमारतीचे लाकूड, वृक्षवलयांच्या मोजणीनुसार, ११६७च्या सुमारास तोडलेले आहे. साडेआठशे वर्षे एक लाकडी इमारत टिकते तेव्हा त्यामागे सुमारे तीस पिढ्यांचे काम असते, आणि ते काम बहुतेक वेळा कोठेही लिहून ठेवले गेलेले नसते.

हे काम समजून घ्यायचे तर लाकडाचा स्वभाव आधी पाहावा लागतो. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिला तर त्याला कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. याचा अर्थ असा की लाकूड भिजण्याने लगेच नष्ट होत नाही, भिजल्यावर वाळू न शकल्याने नष्ट होते. दुसरी गोष्ट आकुंचनाची. वाळताना खोड लांबीच्या दिशेने जवळजवळ मुळीच आटत नाही, जाडीच्या दिशेने मात्र काही टक्क्यांनी आटते. उभ्या खांबांच्या घरात ही बाब फारशी जाणवत नाही, पण ओंडक्यांच्या भिंतीत प्रत्येक थर आटत असल्यामुळे ओल्या लाकडाने बांधलेली तीन मीटर उंचीची भिंत पहिल्या काही वर्षांत दहा-पंधरा सेंटिमीटर सहज खाली बसते. म्हणून जुन्या सुतारांनी दारा-खिडक्यांच्या चौकटी भिंतीला कधी पक्क्या ठोकल्या नाहीत. चौकटीच्या बाजूला उभी खोबण ठेवून तीत ओंडक्यांची टोके खाली सरकू दिली जात आणि चौकटीच्या डोक्यावर रिकामी फट सोडून ती शेवाळाने भरली जाई. घर बसत गेले की हे शेवाळ दाबले जाई, आणि काही वर्षांनी ती फट जवळजवळ मिटलेली असे.

शेवाळ हा या घरांचा दुसरा मुख्य घटक होय. प्रत्येक ओंडक्याच्या खालच्या अंगाला लांबट पन्हळ कोरली जाई, जेणेकरून तो खालच्या ओंडक्याच्या गोलाईवर नेमका बसेल आणि पावसाचे पाणी आत न साचता बाहेर ओघळून जाईल. या पन्हळीत पाणथळ जागेतून काढून वाळवलेले शेवाळ अंथरले जाई. पाणथळीतील शेवाळ आम्लधर्मी असते, ओलावा शोषून तो हळूहळू परत सोडते आणि स्वतः सहजी कुजत नाही, त्यामुळे ओंडक्यांमधील सांध्याला त्याच्याइतके योग्य द्रव्य त्या प्रदेशात दुसरे नव्हते. बांधकामानंतर साधारण एका वर्षाने, घर बरेचसे बसल्यावर, फटींत शेवाळ किंवा तागासारख्या धाग्याचे, म्हणजे भांग-जवसाच्या काड्यांच्या चोथ्याचे, बोळे लाकडी पाचरीने ठोकून भरण्याचे काम पुन्हा करावे लागे आणि नंतर काही वर्षांच्या अंतराने ते चालूच राही, कारण पक्षी घरट्यांसाठी हे धागे उपसून नेत आणि वाऱ्याने शेवाळ वाळून सुटे होई. या कामाला एक कडक नियम होता. सर्वांत खालच्या फटीपासून सुरुवात करून ती घराभोवती पूर्ण फिरवल्याशिवाय वरच्या फटीला हात लावायचा नसे; कारण ठोकलेल्या बोळ्यांनी भिंत किंचित उचलली जाते, आणि एकच भिंत आधी भरून काढली तर ती बाकीच्या तिघींपेक्षा वर जाऊन कोपरे उसवू लागतात.

घर प्रथम कुजते ते जमिनीजवळ. सर्वांत खालचा थर जमिनीवर टेकू नये म्हणून कोपऱ्यांखाली मोठे दगड बसवत, दगड आणि लाकूड यांच्यामध्ये बर्च वृक्षाच्या सालीचे तुकडे घालत, म्हणजे दगडातून वर चढणारी ओल लाकडापर्यंत पोचत नसे. खालच्या थरासाठी गाभ्याचे राळेने भरलेले लाकूड राखून ठेवण्याची रीतही सर्वत्र दिसते. रशियाच्या उत्तरेस हिवाळा अतिशय कडक असल्यामुळे शेतकरी घराच्या पायाभोवती माती, पेंढा किंवा पाचोळा भरून एक बुटका बांध घालत. थंडीत या बांधाने जमीन उबदार राही, पण तोच बांध वसंतात तसाच ठेवला तर त्यातील ओल खालच्या ओंडक्यांना खाऊन टाकी; म्हणून बर्फ वितळल्यावर तो उकरून मोकळा करणे किंवा त्यातून वारा खेळू देणे, आणि शरद ऋतूत पुन्हा रचणे, हे काम घराच्या वार्षिक क्रमात ठरलेले होते. एवढी काळजी घेऊनही काही दशकांनी तळाचे ओंडके बदलण्याची वेळ येई. त्यासाठी संपूर्ण घर लांब वाशांच्या तरफांनी काही इंच उचलत, कुजलेला थर बाजूने ओढून काढत, त्याच मापाचा नवा ओंडका आत सरकवत आणि घर परत खाली बसवत. घरात माणसे राहत असतानाही हे शक्य होई, कारण भिंतीचा प्रत्येक थर सुटा असतो. खालचा थर बदलला म्हणून वरचा उखडावा लागत नाही.

लाकूड ठरावीक काळाने बदलण्याच्या या सवयीचा पुरावा वायव्य रशियातील नोव्हगोरोद येथील उत्खननांत विलक्षण स्पष्टपणे मिळतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अर्तेमी अर्त्सिखोव्स्की यांच्या नेतृत्वाखाली तेथे मोठी उत्खनने सुरू झाली आणि १९५१मध्ये बर्चच्या सालीवर लिहिलेली पहिली पत्रे सापडली. या पत्रांची कीर्ती सर्वदूर पोचली असली तरी, लाकडी बांधकामाच्या अभ्यासकासाठी तेथील रस्त्यांचे अवशेषही तेवढेच मोलाचे आहेत. चिखलमातीच्या शहरात रस्ते ओंडक्यांनी फरसबंद केलेले असत, आणि वेलिकाया या रस्त्यावर एकावर एक अशा २८ फरशा सापडल्या, ज्यांची वृक्षवलयांनुसार ठरलेली कालमर्यादा ९५३ ते १४६२ अशी आहे. म्हणजे सुमारे पाचशे वर्षे, दर अठरा-वीस वर्षांनी, त्या शहराने आपला रस्ता नव्या लाकडाने पुन्हा घातला. ओलसर भूमीत लाकडाचे आयुष्य किती याची माहिती त्या लोकांना पुरेपूर होती आणि त्या माहितीनुसार नगराचा खर्च व श्रम आखले जात होते, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

छपराच्या बाबतीत स्कँडिनेव्हियातील पद्धत अधिक वेधक आहे. पाख्यांवर फळ्या ठोकून त्यांवर बर्चच्या सालीचे सहा-आठ थर, कौलांप्रमाणे एकमेकांवर चढवून, अंथरले जात. पाणी अडवण्याचे काम ही साल करी. साल उडून जाऊ नये आणि उन्हाने चिरफळू नये म्हणून तिच्यावर गवतासह उकरलेल्या मातीच्या लाद्या दोन थरांत रचत, खालच्या थराचे गवत खाली तोंड करून आणि वरच्याचे वर तोंड करून. अशा छपराचे वजन प्रत्येक चौरस मीटरला अडीचशे किलोग्रॅमच्या आसपास भरते, आणि हे वजन निरुपयोगी नसते : ते भिंतीच्या ओंडक्यांना दाबून सांधे घट्ट बसवते. छपरावर उगवणारी झाडे मात्र मुळांनी सालीला भोके पाडतात म्हणून दरवर्षी उपटावी लागत, आणि बर्चची साल साधारण एका पिढीनंतर बदलावी लागे. कोकणातील शेतकऱ्याला पावसाआधीची शाकारणी जशी ठरलेली, तसेच उत्तरेतील शेतकऱ्याला छपराची ही देखभाल ठरलेली होती. फरक इतकाच की संपूर्ण छप्पर नव्याने घालण्याचे काम एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असे. साल दोन-तीन वर्षे आधीपासून, खोडातून रस वाहू लागतो त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या आठवड्यांत, सोलून दगडांखाली सपाट दाबून ठेवावी लागे, आणि छप्पर घालण्याच्या दिवशी सारे शेजारी जमत. नॉर्वेत या सामुदायिक श्रमाला दुग्नाद, फिनलंडमध्ये ताल्कोत आणि रशियात पोमोची म्हणतात. मराठी मुलखातील इर्जिकीप्रमाणे येथेही मजुरीऐवजी जेवण आणि परतफेडीची अपेक्षा हाच करार असे. घराची निगा ही त्यामुळे एकट्या घरमालकाची बाब राहत नसे, आणि ज्याने शेजाऱ्यांच्या छपराला हात लावला नाही त्याचे छप्पर गळतच राही.

छपरासाठी बर्चच्या, म्हणजे भूर्जवृक्षाच्या, सालीच्या या उपयोगाला भारतातही एक समांतर परंपरा आहे. वॉल्टर लॉरेन्स यांनी १८९५मध्ये प्रसिद्ध केलेल्या काश्मीरवरील ग्रंथात तेथील घरांच्या छपरांचे वर्णन येते : फळ्यांवर भूर्जवृक्षाची साल, तिच्यावर माती आणि त्या मातीत वसंतात उमलणारी फुले. श्रीनगरची शाह हमदान यांची खानकाह, जी १३९५मध्ये प्रथम उभारली गेली आणि आगीनंतर १७३२मध्ये पुन्हा बांधली गेली, तीही देवदाराच्या तासलेल्या ओंडक्यांचे थर आडवे-उभे रचून केलेली आहे. नॉर्वे आणि काश्मीर यांच्यात या बाबतीत देवाणघेवाण झाल्याचे मानण्याचे कारण नाही. बर्चची जंगले, बर्फाचे ओझे आणि सरळ वाढणारी सूचिपर्णी झाडे या तीन गोष्टी जेथे एकत्र आल्या तेथे सुतारांनी एकसारखीच उत्तरे काढली, इतकेच म्हणता येते.

भिंती आणि लाकडी कौले यांच्या रक्षणासाठी वापरले जाणारे द्रव्य म्हणजे पाइनचे डांबर. खनिज डांबराशी त्याचा संबंध नाही. पाइनची राळयुक्त मुळे आणि खोडे उतारावर खणलेल्या नरसाळ्यासारख्या खड्ड्यात रचून, वरून माती व गवताने झाकून, कमीत कमी हवेत अनेक दिवस धुमसत ठेवली की लाकडातील राळ वितळून खाली साचते आणि लाकडी नळीतून पिंपात उतरते. फिनलंडमध्ये झाडे तोडण्यापूर्वी चार-पाच वर्षे त्यांची साल पट्ट्यापट्ट्यांनी सोलत जाण्याची रीत होती, ज्यामुळे जखमी झाड त्या भागात राळ साठवत असे. या डांबराचे मोठे ग्राहक युरोपातील नौदले आणि व्यापारी जहाजे होती, आणि १६४८मध्ये स्वीडनच्या राजसत्तेने त्याच्या व्यापाराची मक्तेदारी एका कंपनीला दिली. सतराव्या-अठराव्या शतकांत फिनलंडची ती सर्वांत महत्त्वाची निर्यात होती आणि नद्यांतून लांब होड्यांनी पिंपे उलू बंदरापर्यंत येत. परंतु ज्या खेड्यांत हे डांबर तयार होई तेथे त्याचा एक वाटा नेहमी घरी राही. उन्हाळ्यातील कोरड्या, उन्हाच्या दिवशी ते कोमट करून चर्चच्या कौलांना आणि भिंतींना फासले जाई, म्हणजे तापलेल्या लाकडात ते खोलवर मुरे. गावोगावच्या चर्चच्या हिशेबवह्यांत डांबराचा खर्च वारंवार येतो, तो याच कारणाने. काळपट तपकिरी, उन्हात चमकणारे असे या इमारतींचे जे रूप आज पर्यटकांना मोहवते ते अनेक शतके चढत गेलेल्या डांबराच्या पुटांचे आहे.

स्वीडनमध्ये डांबराच्या जोडीला एक वेगळे द्रव्य आले आणि त्याने संपूर्ण देशाचा चेहरा बदलला. फालून येथील तांब्याच्या खाणीतून निघणाऱ्या टाकाऊ खनिजात लोहाचे प्रमाण भरपूर असते; ते हवेत झिजल्यावर व भाजल्यावर कावेसारखी गडद लाल पूड मिळते. ही पूड पाणी, राईचे पीठ आणि हिराकस यांच्यासह शिजवून, त्यात थोडे जवसाचे तेल घालून जो रंग बनतो तो सोळाव्या-सतराव्या शतकांत राजवाडे आणि श्रीमंतांची घरे रंगवण्यासाठी वापरला जाई, कारण लाल रंगाच्या भिंती दुरून विटांच्या वाटत. एकोणिसाव्या शतकात तो सामान्य शेतकऱ्यांच्या घरांवर सर्वत्र पसरला. त्याचा खरा गुण दिसण्यापलीकडचा आहे. हा रंग लाकडावर पापुद्रा धरत नाही, लाकडाचा श्वास कोंडत नाही, म्हणजे आत शिरलेली ओल बाहेर पडू देतो, आणि झिजताना सोलून न निघता भुकटीसारखा गळतो. त्यामुळे नवा हात देण्यापूर्वी भिंत झाडूने कोरडी खराटली की पुरते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक घरमालकांनी वारंवार रंगवण्याचा त्रास टाळण्यासाठी प्लास्टिकसारखा पापुद्रा धरणारे रंग लावले, आणि जे लाकूड शतकभर टिकले होते ते त्या पापुद्र्यामागे साचलेल्या ओलीने काही वर्षांत मऊ पडू लागल्याची उदाहरणे पुढे आली. फालूनची खाण १९९२मध्ये बंद झाली आणि २००१मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तरी साठलेल्या खनिजापासून हा रंग आजही तयार होतो.

घराच्या आतील निगेविषयी लिहिताना तिचा भार कोणाच्या खांद्यावर होता हे सांगणे आवश्यक आहे. रशियाच्या खेड्यांतील जुन्या घरांना धुराडे नसे. चुलीचा धूर छताखाली साचून दारातून किंवा भिंतीतील सरकत्या झरोक्यातून बाहेर जाई. या धुराने वरचे ओंडके काळे पडत, पण तोच धूर कीड आणि बुरशी यांना दूर ठेवी. काजळी जेथे संपते त्या रेषेखालच्या भिंती मात्र स्त्रिया ईस्टरसारख्या मोठ्या सणांपूर्वी वाळू, गरम पाणी आणि काटक्यांची झाडणी यांनी लाकूड पिवळे दिसेपर्यंत घासत, आणि बाके, टेबल व जमिनीच्या फळ्या यांचीही तशीच घासणी होई. या घासण्यात भिंतीचा प्रत्येक इंच हाताखालून जाई. कोठे लाकूड मऊ लागते, कोठे किडीची भुकटी पडते, कोठून वारा येतो हे पहिल्यांदा याच हातांना कळे. वास्तुइतिहासात सुतारांची थोडीफार नावे उरली आहेत, पण ही पाहणी करणाऱ्या स्त्रियांपैकी एकीचेही नाव नाही.

निगा ही केवळ सवय नसून कायदेशीर कर्तव्यही होती. नॉर्वेचा राजा मॅग्नुस याने १२७४मध्ये संपूर्ण राज्यासाठी लागू केलेल्या कायद्यात खंडाने दिलेल्या जमिनीविषयी स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यानुसार कुळाने शेतावरील घरे दुरुस्त ठेवली पाहिजेत, शेत सोडताना ती पडझडीच्या स्थितीत असतील तर भरपाई दिली पाहिजे, असे बंधन घातलेले आहे. स्वीडनच्या १७३४च्या विधिसंहितेतील बांधकामविषयक भागातही कुळांच्या बांधणी-दुरुस्तीच्या कर्तव्यांची तरतूद आहे, आणि तेथे हुसेस्यून म्हणजे घरांची अधिकृत पाहणी ही पद्धत रूढ होती : नेमलेले पंच शेतावर जाऊन प्रत्येक इमारत तपासत, कोणता ओंडका कुजला, कोणते छप्पर गळते याची नोंद करत आणि खर्चाचा अंदाज ठरवत. चर्चच्या अधिकाऱ्यांना आणि सरकारी सेवकांना राहण्यासाठी दिलेल्या घरांच्या अशा पाहण्यांचे दप्तर आजही उपलब्ध असून, ते सामान्य घरांच्या इतिहासाचे बहुमोल साधन ठरले आहे. घरात राहणाऱ्याला ते वापरण्याचा हक्क होता, पण खंगत ठेवण्याचा नव्हता, हा त्यामागील विचार आजच्या भाडेकरारांपेक्षा स्पष्ट आहे.

ओंडक्यांचे घर उचलता येते तसे उकलताही येते. सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकात मॉस्कोला गेलेल्या आडाम ओलेआरिउस या जर्मन प्रवाशाने तेथील घरांच्या बाजाराचे वर्णन केले आहे, जेथे तयार कापलेली घरे सुट्या ओंडक्यांच्या रूपात विकली जात आणि आगीत घर गमावलेला माणूस थोड्याच दिवसांत नवे घर उभे करू शके. याच गुणामुळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खेड्यांतील जुनी घरे संग्रहालयांत आणता आली. स्टॉकहोममध्ये आर्टुर हाझेलिउस यांनी १८९१मध्ये स्कान्सेन हे खुले संग्रहालय सुरू केले, लिलहामर येथे आंदेर्स सांदविग यांनी संग्रह उभारला आणि १८९४मध्ये ऑस्लोजवळील लोकसंग्रहालयाची स्थापना झाली. प्रत्येक ओंडक्यावर खूण कोरून घर उकलायचे, वाहून न्यायचे आणि पुन्हा त्याच क्रमाने रचायचे, ही पद्धत खेड्यातील सुतारांनाच ठाऊक होती, म्हणून संग्रहालयांना त्यांनाच बोलवावे लागले. या संस्थांनी घरे वाचवली, हे खरेच. पण चूल पेटत नसलेले, धूर नसलेले, रोज झाडले-घासले न जाणारे घर वेगळ्या रीतीने म्हातारे होते, आणि पूर्वी कुटुंब जे काम सहज करी त्यासाठी आता अर्थसंकल्पात तरतूद लागू लागली.

अमेरिकेत ही बांधणी १६३८मध्ये डेलावेअर नदीकाठी वसलेल्या न्यू स्वीडन या वसाहतीतील स्वीडिश आणि फिनिश लोकांनी नेली, आणि नंतर जर्मन भाषक स्थलांतरितांच्या परंपरेशी मिसळून ती पश्चिमेकडे पसरली. तेथील घाईत बांधलेल्या घरांत ओंडके एकमेकांवर नेमके बसवलेले नसत, मध्ये रुंद फटी राहत, आणि त्या लाकडाच्या कपच्या, दगड, माती, चुना व जनावरांचे केस यांच्या लिंपणाने बुजवल्या जात. लाकूड ऋतूनुसार हलते, लिंपण तडकते, म्हणून हिवाळ्यापूर्वी ते दुरुस्त करणे हे दरवर्षीचे काम होते आणि लिंपण मऊ असल्यामुळे ते सोपेही होते. विसाव्या शतकात त्याऐवजी सिमेंटचा कठीण गिलावा भरला जाऊ लागला; लाकूड आटल्यावर त्याच्या कडेला केसाएवढी फट पडते, पाणी आत जाते आणि सिमेंट ते बाहेर येऊ देत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने १९९१मध्ये प्रसिद्ध केलेल्या ब्रूस बॉम्बर्गर यांच्या पुस्तिकेत जुन्या घरांच्या दुरुस्तीसाठी मूळच्याशी जुळणारे लिंपण वापरण्याचा आग्रह धरला आहे.

निगेचा हा सारा इतिहास एका ठिकाणी एकवटलेला पाहायचा तर रशियातील ओनेगा सरोवरातील किझी बेटाकडे वळावे लागते. तेथील १७१४ सालचे येशूच्या रूपांतरणाला वाहिलेले चर्च सुमारे ३७ मीटर उंच असून त्याला २२ घुमट आहेत. भिंती पाइनच्या ओंडक्यांच्या, आणि घुमटांवर अॅस्पेन वृक्षाच्या लाकडाची कुऱ्हाडीने तासलेली सुमारे ३०,००० कौले. एकही खिळा न वापरता ते बांधले गेले, ही लोककथा खरी नाही. ओंडक्यांच्या जोडणीला खिळे लागले नाहीत, पण कौले खिळ्यांनीच बसवलेली आहेत. बांधणाऱ्यांनी छपरांच्या आत दुसरी, लपलेली व्यवस्था केली होती : बाहेरच्या कौलांमधून झिरपलेले पाणी बर्चच्या सालीवर झेलून पन्हळींतून भिंतीबाहेर सोडले जाई. म्हणजे गळती होणारच हे गृहीत धरून तिची वाट आधीच आखलेली होती.

एकोणिसाव्या शतकात या चर्चच्या भिंतींवर फळ्यांचे आवरण बसवले गेले आणि घुमटांवर लोखंडी पत्रा आला. त्या काळी नॉर्वेपासून रशियापर्यंत ओंडक्यांच्या भिंतींवर फळ्या ठोकणे ही नेहमीची गोष्ट होती. घराला आधुनिक रूप मिळे आणि पाऊस थेट ओंडक्यांवर येत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९पासून एक दशकभर, वास्तुविशारद अलेक्सांद्र ऑपोलोव्निकॉव्ह यांच्या मार्गदर्शनाखाली जे काम झाले त्यात ही आवरणे नंतरची भर म्हणून काढून टाकली आणि मूळ रूप उघडे केले. लाकडी वास्तूंविषयीचे ऑपोलोव्निकॉव्ह यांचे प्रेम आणि ज्ञान निर्विवाद होते, आणि आज जगाला परिचित असलेले किझीचे रुपेरी सौंदर्य त्यांच्यामुळेच दिसते. तरीही, दीर्घकाळ आवरणाखाली राहिलेल्या, आधीच जीर्ण झालेल्या भिंती एकाएकी पाऊस-वाऱ्यासमोर उघड्या पडल्या, ही त्या निर्णयाची किंमत मान्य करावी लागते. फळ्यांचे ते आवरण मागच्या पिढ्यांनी केलेल्या निगेचाच भाग होते, आणि मूळ रूपाच्या शोधात तो भाग गमावला गेला.

पुढे भिंती कलू लागल्या, ओंडके दबले आणि १९८०मध्ये चर्च बंद करावे लागले. आतील प्रतिमांची भव्य भिंत काढून तेथे पोलादी सांगाडा उभा केला गेला, ज्यामुळे इमारत पडण्यापासून वाचली, पण ती स्वतःच्या पायावर उभी राहत नव्हती. १९९०मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाल्यावर दुरुस्तीच्या पद्धतीवर प्रदीर्घ चर्चा झाली. सारे चर्च उकलून पुन्हा रचावे, असा एक मार्ग होता. पण त्यात कोपऱ्यांतील तीन शतके जुन्या पकडी सुटल्या असत्या आणि अनेक ओंडके कायमचे टाकून द्यावे लागले असते. अखेर निवडलेला मार्ग खेड्यातील जुन्या पद्धतीचाच विस्तार होता. इमारत उंचीनुसार सात टप्प्यांत विभागली, वरचे सर्व टप्पे पोलादी सांगाड्यावर जॅकच्या साह्याने उचलून धरले, तळाचा टप्पा उकलून बेटावरच्या कार्यशाळेत नेला, कुजलेला भाग तेवढा कापून त्या जागी वलयांची दाटी जुळणाऱ्या लाकडाचा तुकडा बसवला, जो ओंडका पूर्ण निकामी होता तोच बदलला, आणि टप्पा जागेवर परत रचून पुढच्याकडे वळले. हे काम २०१०च्या सुमारास सुरू होऊन एक दशक चालले आणि २०२०मध्ये चर्च पुन्हा लोकांसाठी उघडले. शेतकरी आपल्या घराचा तळाचा थर तरफेने घर उचलून बदलत असे, तेच तत्त्व येथे ३७ मीटर उंचीच्या वास्तूला लागू केले गेले. किझी येथे ही पद्धत निवडण्यात दाखवलेला विवेक युरोपातील लाकडी वारशाच्या इतिहासात मोठा मानला पाहिजे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर हा विचार मान्य व्हायला वेळ लागला. दगडी वास्तूंच्या अनुभवातून घडलेल्या जतनशास्त्रात मूळ द्रव्य जसेच्या तसे टिकवणे हा अग्रक्रम होता, आणि नव्या ओंडक्याकडे तेथे संशयाने पाहिले जाई. जपानमधील नारा येथे १९९४मध्ये तयार झालेल्या दस्तऐवजाने अस्सलपणाचा विचार त्या-त्या संस्कृतीच्या संदर्भात करावा असे म्हटले, आणि १९९९मध्ये स्मारके व स्थळे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ऐतिहासिक लाकडी वास्तूंसाठी स्वतंत्र तत्त्वे स्वीकारली. नियमित पाहणी व निगा यांना त्यांत मध्यवर्ती स्थान आहे, आणि बदलावयाचा भाग त्याच जातीच्या, त्याच प्रतीच्या लाकडाचा व शक्य तेथे पारंपरिक हत्यारांनी घडवलेला असावा, असेही त्यांत सांगितले आहे.

येथून प्रश्न सुतारशाळेतून अरण्यात जातो. नॉर्वेत खांबी चर्चच्या दुरुस्तीसाठी २००१ ते २०१५ या काळात सरकारने हाती घेतलेल्या कार्यक्रमात डांबर आणि लाकूड यांच्या प्रतीकडे कसोशीने लक्ष द्यावे लागले, कारण बंद लोखंडी भट्टीत झटपट काढलेले पातळ डांबर उन्हात ओघळून जाते आणि खड्ड्यात हळूहळू काढलेल्या डांबरासारखे लाकडात टिकत नाही. लाकडाचे तसेच. लागवडीच्या जंगलात झपाट्याने वाढलेल्या पाइनची वलये रुंद असतात आणि राळेने भरलेला गाभा लहान असतो. जुन्या भिंतीत बसवण्यासाठी उत्तरेच्या गरीब मातीत दीड-दोनशे वर्षे सावकाश वाढलेले झाड लागते. म्हणून किझीच्या सुतारांना कारेलियाच्या अरण्यात जाऊन एकेक झाड पारखावे लागले, आणि घुमटांवर आज चमकणारी अॅस्पेनची कौले काही दशकांनी करडी होऊन झिजतील तेव्हा पुन्हा हजारो कौलांपुरते सरळ, गाठींविरहित अॅस्पेन त्यांना हवे असेल. ती झाडे आजच्या जंगलव्यवस्थापकांनी राखलेली असली पाहिजेत, आणि ती तासणारी वाकदार पात्याची कुऱ्हाड हाती धरायला कोणीतरी शिकलेले असले पाहिजे. किझी येथील सुतारकामाच्या प्रशिक्षणात आज तेच शिकवले जात आहे.